घर नवे, जागा जुनी

पिंपरीसमोर, पवनेच्या पलीकडच्या काठावर काळेवाडी आहे. एकेकाळी ही मळ्यांची वाडी होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसी, टेल्को, बजाज आले आणि कामगारांना कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर परवडणारी जमीन हवी झाली. ती नदीपलीकडे मिळाली. शेतकऱ्याने गुंठ्यागुंठ्याने विकली, कामगाराने साठेखतावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर घेतली, आणि ज्याच्या वाट्याला जितकी आली तितक्यात त्याने वर पत्रे टाकून दोन खोल्या उभ्या केल्या. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अनेकांना तोही पुरा परवडला नाही, अर्ध्यावर भागवले. जी जागा नदीच्या जवळ ती स्वस्त, कारण पाणी येते हे विकणाऱ्याला ठाऊक होते आणि घेणाऱ्यालाही. आज त्या खोल्यांची दुसरी पिढी कमावती आहे. पत्रे उतरवायचे, भिंती पाडायच्या आणि त्याच अर्ध्या गुंठ्यावर पार्किंग आणि वर तीन मजले चढवायचे, हे तिचे स्वाभाविक स्वप्न आहे. खालचा एखादा मजला भाड्याने गेला की चाकणच्या कंपनीतल्या कंत्राटी नोकरीला थोडा आधार होतो, हा हिशेबही त्यात असतो.

याच नदीच्या वरच्या टोकाला हीच गोष्ट वेगळ्या वर्गात घडते आहे. मावळात पवना धरणाचा जलाशय आहे, तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या वेढ्यात. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यातल्या ज्यांना जमले त्यांनी तिथे शनिवार-रविवारसाठी जागा घेतल्या. त्यांची पहिली बांधकामे साधी असत: एक कौलारू खोली, पुढे पडवी, पाण्याकडे जाणारी पायवाट. आता ती पाडून काचेच्या भिंतींचे, पोहण्याच्या तलावाचे ‘लेक व्ह्यू’ बंगले उठतात. समोर साडेआठ टीएमसी पाणी असताना अंगणात पोहण्याचा तलाव कशाला, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पण काळेवाडीचा फिटर आणि पवनेकाठचा बंगलेवाला या दोघांची पुनर्बांधणीची कल्पना एकच आहे: घर जुने झाले, ते नवे करायचे, जागा आहे तीच. माझा आक्षेप या शेवटच्या तीन शब्दांना आहे. पाण्याच्या काठावर जुने घर असल्याने मालकाला नव्या घराचा हक्क मिळायला हवा; त्याच जागेचा हक्क मिळता कामा नये. घर आणि जागा यांची ही गाठ सुटल्याशिवाय नदीही वाचत नाही आणि घरही.

जुने घर काठावर इतकी वर्षे कसे टिकले, इथून सुरुवात करू. ‘पन्नास वर्षे काही झाले नाही’ हे काठावरचे सर्वांत आवडते प्रमाणपत्र आहे, आणि ते खोटेही नाही. पण त्याचा अर्थ पाणी आले नाही असा होत नाही. पत्र्याच्या खोलीत पाणी शिरले तर माणसे पेटी आणि गाद्या उचलून शाळेत किंवा नातेवाइकाकडे जात. पाणी उतरले की गाळ काढायचा, चुन्याचा हात फिरवायचा, पुन्हा राहायचे. नुकसान होई, पण ते सोसता येण्याजोगे असे. घर लहान होते, भोवती भिंत नव्हती, अंगण मातीचे होते, त्यामुळे पाण्याला बाजूने जायला वाट होती आणि मुरायला जमीन होती. म्हणजे ते घर टिकले याचे श्रेय त्याच्या कमीपणाला आहे. नव्या घराच्या बाबतीत नेमके हेच बदलते. तळमजल्यावर मोटार, विजेचे मीटर, पाण्याची मोटर आणि भाडेकरू. चारी बाजूंनी कुंपणभिंत. आणि त्याआधी, जमीन वर घेण्यासाठी टाकलेला भराव.

या भरावाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण लोक खांब आणि स्लॅबकडे बघतात आणि खरे काम राडारोडा करतो. पूर आलेली नदी दोन गोष्टी मागते: वाहायला रुंदी आणि साठायला जागा. पात्राच्या कडेची सखल जमीन या दोन्ही गरजा भागवते. तिथे पाणी उथळ पसरते, संथ होते आणि खालच्या वस्तीला थोडा वेळ मिळतो. एका प्लॉटवर चार फूट भराव पडला की तितके घनफूट पाणी दुसऱ्या कुणाकडे जाते. ते नाहीसे होत नाही. बहुधा ते शेजारच्या त्या घरात जाते ज्याने अजून भराव टाकलेला नाही. मग तो टाकतो. पिंपरी-चिंचवडमध्ये जुन्या बांधकामांचा राडारोडा रात्रीतून नदीकाठी रिकामा होतो ही गोष्ट नवी नाही, आणि त्यातला विनोद असा की शहराच्या मध्यात एक जुने घर पाडले की त्याचा मलबा काठावरच्या दुसऱ्या नव्या घराचा पाया होतो. कुंपणभिंतीचेही तसेच. पाण्याच्या दिशेला आडवी उभी असलेली पाच फुटांची विटांची भिंत पुरात लहानशा बंधाऱ्यासारखी वागते, आणि तिच्या वरच्या अंगाला पाणी चढते.

कायदा या सगळ्याकडे दोन रेषांतून पाहतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने लागू केलेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामाला बंद आहे. तिथे बाग, मोकळी जागा, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून निदान ०.४५ मीटर वर हवे. इथवर ठीक. पण बंद पट्ट्यालाही एक दार ठेवलेले आहे: तिथे पूर्वीपासून अधिकृत इमारत असेल तर पाटबंधारे खात्याचे ना-हरकत पत्र घेऊन आणि तेवढीच जोत्याची अट पाळून तिचा पुनर्विकास करता येतो.

हे दार किती रुंद आहे ते समजायला समुद्रकिनाऱ्याकडे पाहावे. २०११ च्या सागरी किनारा अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात नवे बांधकाम बंद केले आणि जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी मात्र चालू ठेवली. पण अट अशी घातली की चटईक्षेत्र, जोत्याचे क्षेत्र आणि घनता पूर्वी होती त्याहून वाढता कामा नये. कोकणातल्या मच्छीमाराचे दोन खोल्यांचे घर नवे होईल, पण दोन खोल्यांचेच राहील. नदीच्या नियमात जोत्याची उंची आहे. घर जुन्याहून मोठे असू नये अशी अट त्या ओळीत नाही. समुद्राला जे संरक्षण दिले ते नदीला का नाही, याचे एक उत्तर इतिहासात सापडते. महाराष्ट्रात २००० सालापासून नदी नियमन क्षेत्राचे धोरण होते. ते मुख्यतः उद्योगांच्या अंतराबाबत होते आणि त्यात त्रुटीही होत्या, पण फेब्रुवारी २०१५ मध्ये ते सुधारण्याऐवजी रद्दच झाले. किनाऱ्यामागे केंद्राचा पर्यावरण कायदा उभा राहिला, तर नदी बांधकामाच्या नियमावलीतले एक कलम होऊन बसली.

आता अधिकृत या शब्दाकडे येऊ, कारण काळेवाडीत सगळे घोडे तिथेच अडते. गुंठेवारीतली बहुसंख्य घरे कागदावर अधिकृत नाहीत. २००१ चा गुंठेवारी कायदा, त्यातली २०२१ ची दुरुस्ती जिने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली, अनधिकृत बांधकामांवर आधी लादलेला आणि २०२३ मध्ये माफ झालेला शास्तीकर, या सगळ्यातून राजकारणाने या घरांना हळूहळू मान्यतेकडे सरकवले आणि ते योग्यच होते. पण निळ्या रेषेतले बांधकाम या नियमितीकरणात बसत नाही. म्हणजे काठावर अधिकृत जुना बंगला असणाऱ्याला कायदा मोठे नवे घर देऊ शकतो, आणि शेजारच्या कामगाराला दुरुस्तीचीही परवानगी देत नाही. पुराला मात्र या दोघांतला फरक कळत नाही. नदीच्या दृष्टीने दोन्ही घरे चुकीच्या जागी आहेत, आणि माणसाच्या दृष्टीने दोघांनाही घर हवे आहे. म्हणून अधिकृत की अनधिकृत हा प्रश्न काठावर दुय्यम मानावा असे मला वाटते. भरपाई ठरवताना तो उपयोगी पडेल. घर कुठे उभे राहावे हे ठरवायला निरुपयोगी आहे.

हा भेद न सोडवता फक्त रेषेचा बडगा उगारला की काय होते ते इंद्रायणीवर दिसले. पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत नदीकाठच्या निळ्या रेषेत एका प्रकल्पात बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०२४ मध्ये ते पाडण्याचा आणि ५ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि १७ मे २०२५ रोजी महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. लोकांनी आयुष्याची पुंजी घातली होती. निकाल बरोबर होता. तरीही तो उशिरा आला. पायाचा खड्डा खणला जात असताना जी यंत्रणा जागेवर जाऊ शकली असती, ती बुलडोझर घेऊन पोचली. या कारवाईतून काठावरच्या रहिवाशांनी धडा कोणता घेतला? बहुतेकांनी असा घेतला की नवे बांधले तर नजरेत येते, जुनेच घर आतून वाढवत न्यावे. पत्र्याच्या आत विटांची भिंत, मग स्लॅब, मग पत्रे काढायचे. अशा रीतीने जुने घर नव्या घराचे पांघरूण होते, आणि बांधकाम अभियंत्याच्या नकाशाविना उभे राहते. काठावर यापेक्षा धोकादायक बांधकाम दुसरे नाही.

आक्षेप अनेक आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला हलका आहे: वर धरण आहे, ते पूर अडवते. पवना धरण पाणी साठवण्यासाठी बांधलेले आहे आणि ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरलेले असावे हीच त्याच्याकडून अपेक्षा असते, नाहीतर पिंपरी-चिंचवड उन्हाळ्यात तहानलेले राहील. भरलेल्या धरणाकडे नवा पाऊस ठेवायला जागा नसते. तो सांडव्यावरून जातो. शिवाय धरणाखालचे ओढे कुणाच्या दारांनी बंद होत नाहीत. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली तेव्हा मुठेच्या वरच्या अंगाला एक सोडून चार धरणे होती. पवनेवरही विसर्ग वाढला की पिंपरीच्या संजय गांधीनगरातल्या माणसांना हलवण्याची पाळी येते, आणि खाली मुळेच्या काठी सांगवीच्या मुळानगरातल्या माणसांनाही.

दुसरा आक्षेप शंभर वर्षे, पंचवीस वर्षे या आकड्यांवर असतो: इतक्या दुर्मीळ गोष्टीसाठी आज घर का सोडायचे? इथे साधे गणित पुरते. दर वर्षी २५ मध्ये १ अशी शक्यता असलेला पूर २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आहे, आणि ३० वर्षांत ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे निळ्या रेषेत घर बांधणाऱ्याने हप्ते फिटण्याआधी पूर येईल असेच धरून चालावे. हे गणितही जुन्या पावसाच्या नोंदींवर आणि जुन्या पाणलोटावर बेतलेले आहे. दरम्यान हिंजवडीपासून रावेतपर्यंतची जमीन सिमेंटखाली गेली. तिच्यावर पडलेला पाऊस आता मुरत नाही, गटारांतून तासाभरात नदीत येतो.

तिसरा आक्षेप वास्तुविशारद घेतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. घर खांबांवर उभारा, खाली मोकळे ठेवा, पाणी जाईल. मग जागा सोडायची गरज काय? तत्त्व म्हणून हे खरे आहे. काळेवाडीच्या अर्ध्या गुंठ्यावर ते टिकत नाही. खालची मोकळी जागा पहिल्या वर्षी पार्किंग असते, दुसऱ्या वर्षी तिला शटर लागते, तिसऱ्या वर्षी तिथे किराणा किंवा मोबाईलचे दुकान असते. यात लोकांचा लोभ आहे असे म्हणणे सोपे आहे. ज्याने कर्ज काढून तीन मजले बांधले त्याला रिकामा तळमजला परवडत नाही, एवढेच. आणि खाली पाणी खेळत असताना वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे, आजारी माणसे, बाळंतिणी अडकतात. घर कोरडे राहिले तरी बाहेर पडायचा रस्ता पाण्याखाली असतो, याचे उत्तर खांब देत नाहीत.

चौथा आक्षेप रागाचा आहे आणि मला तो मान्य आहे: गरिबाच्या अर्ध्या गुंठ्याला रेषा दाखवणारी महापालिका स्वतः काय करते? पवनेच्या शहरातल्या सुमारे २४ किलोमीटरच्या प्रवाहाला सुशोभित काठ देण्याची योजना पालिका वर्षानुवर्षे मांडते आहे. काठावर भराव, भिंती आणि फरसबंद पदपथ आले तर पात्राची रुंदी कमी होते, मग ते कुणी टाकले याला महत्त्व नाही. खाजगी भरावाला जो निकष तोच सरकारी भरावाला लागला पाहिजे, नाहीतर मागे सरका असे सांगण्याचा नैतिक अधिकार पालिकेला उरत नाही. पण यातून ‘मग मीही बांधणार’ हे निष्पन्न होत नाही. पालिकेच्या भिंतीमुळे चढलेले पाणी पालिका आयुक्तांच्या बंगल्यात जाणार नाही. ते त्याच अर्ध्या गुंठ्यात येईल.

मागे सरकणे ही काही परकी कल्पना नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याने मुठाकाठची हजारो कुटुंबे उचलून गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा उंचावरच्या जागी नेली. अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हटपासून सुरुवात झाली, आज तिथे पक्की घरे आहेत आणि तिथे पुन्हा पूर आलेला नाही. त्या पूरग्रस्त सोसायट्यांच्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला, हेही तितकेच खरे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या महापुरानंतर सोनतळीला प्लॉट मिळाले. अनेकांनी तिथे घरे बांधली आणि जुनी घरेही सोडली नाहीत, कारण शेती, गोठा आणि दूध संघाचा रोजचा फेरा खाली होता. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये हीच गावे पुन्हा पाण्यात गेली. घर हलले आणि जगण्याचे साधन हलले नाही तर माणूस परत येतो, हे सोनतळी सांगते. नेदरलँड्समध्ये १९९५ च्या पुरात अडीच लाख माणसांना घर सोडावे लागल्यावर तिथल्या सरकारने बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा देण्याचा कार्यक्रम घेतला. त्यातल्या ओव्हरडीप या पोल्डरमधल्या, म्हणजे बांधांनी वेढलेल्या सखल जमिनीवरच्या, शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा सुचवला: जुनी घरे पाडायची, बांधाला लागून मातीचे उंच टेकाड घालून त्यावर नवी घरे आणि गोठे बांधायचे, उरलेली जमीन पुराला मोकळी सोडायची. आठ घरे तशी उभी राहिली. शेती तीच, गुरे तीच, फक्त चूल वर गेली. काही कुटुंबांनी मात्र मोबदला घेऊन पोल्डर कायमचा सोडला, हे सांगायला यशोगाथा विसरतात.

काळेवाडीला शेती हलवायची नाही, नोकरी आणि शाळा हलवायच्या नाहीत. तिथला माणूस दोन किलोमीटर आत गेला तर त्याची बस बदलेल, कंपनी बदलणार नाही. म्हणून सोनतळीची अडचण इथे सौम्य आहे. खरी अडचण क्षेत्रफळाची आहे. नियमावली म्हणते की भूखंडाचा काही भाग रेषेत आला तर त्याचे चटईक्षेत्र उरलेल्या भागावर वापरा. पाच एकरांच्या मालकाला ही उत्तम सोय आहे. ज्याचा अख्खा अर्धा गुंठा निळ्या रेषेत आहे त्याला उरलेला भाग कुठून आणायचा? रस्त्यासाठी जमीन देणाऱ्याला हस्तांतरणीय विकास हक्क मिळतो. नदीसाठी जमीन सोडणाऱ्या लहान घरमालकाला तो विकता येईल अशा स्वरूपात, आणि त्याहून बरे म्हणजे बांधलेल्या घराच्या स्वरूपात मिळाला पाहिजे. पवना जलाशयाच्या काठच्या बंगल्यांना हे लागू नाही. त्यांना दुसरे घर आहे, तिथे किनारपट्टीसारखी ‘होते तेवढेच’ ही अट पुरे, आणि धरणासाठी संपादित जमिनीवर जे बांधले असेल त्याला तीही सवलत नको.

आणि मग विश्वास. हा शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो जलाशयाच्या पाण्याखालूनच येतो. पवना धरणासाठी १२०३ खातेदारांच्या जमिनी गेल्या; त्यातल्या ३४० जणांचे पुनर्वसन झाले आणि उरलेले ८६३ अर्धशतक उलटले तरी जमिनीसाठी भांडत राहिले. ज्या शहराला ते पाणी मिळते त्या शहराने आता काठावरच्या माणसाला ‘आधी जागा सोड, घर नंतर देतो’ असे सांगितले तर त्याने का ऐकावे? त्याच शहरात निगडीच्या सेक्टर २२ मध्ये गरिबांसाठी बांधलेल्या पुनर्वसनाच्या इमारती लष्कराच्या रेड झोनच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या पट्ट्याच्या, वादात अडकून वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. दुसऱ्याला रेषा दाखवणाऱ्यांनी स्वतःची इमारत रेषेत बांधली. काळेवाडी, थेरगाव, रहाटणीच्या लोकांनी २०१७ मध्ये रिंग रोडसाठी घरे पाडण्याला जो कडवा विरोध केला त्यामागे हाच अनुभव होता. म्हणून क्रम उलटा हवा. नव्या घराची किल्ली आणि नोंदणीकृत दस्त हातात, वीज-पाण्याचे जोड चालू, आणि त्यानंतर जुन्या घराचा ताबा. अमलात आणायला हे महाग आणि संथ आहे. बुलडोझर एका सकाळीत काम उरकतो.

संथ असले तरी ते आता सुरू करायला एक निमित्त आहे. पिंपरी-चिंचवडचा सुधारित प्रारूप विकास आराखडा मे २०२५ मध्येच, म्हणजे चिखलीचे बंगले पडले त्याच महिन्यात प्रसिद्ध झाला आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. पूररेषा नकाशावर दाखवणे एवढ्याने आराखड्याचे काम होत नाही. निळ्या रेषेत किती घरे आहेत, त्यातली किती अर्ध्या गुंठ्याची, आणि त्यांच्यासाठी त्याच प्रभागात लाल रेषेबाहेर कोणता भूखंड राखला आहे, हा तक्ता नकाशाबरोबर जोडला गेला पाहिजे. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झाले तेव्हा कामगारांना परवडणारी घरे हेच त्याचे घोषित काम होते, आणि २०२१ मध्ये ते विलीन झाल्यावर त्याच्या जमिनी महापालिका आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) यांच्यात वाटल्या गेल्या. त्यातल्या मोकळ्या भूखंडांचे लिलाव होत असतात. लिलावाच्या यादीत जाण्याआधी त्यातले काही काळेवाडीच्या काठासाठी बाजूला काढायचे की नाही, हा निर्णय पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत पत्राची वाट पाहत थांबलेला नाही.